आत्याला सांगा, हो, मी अंघोळी घालते

॥ श्री ॥

श्टुटगार्ट, रविवार

तीर्थरूप आई आणि अण्णा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलतो, तरी पत्र लिहायला बसले. व्हिडिओ कॉलवर तुमच्यामागे अर्धी गल्ली बसलेली असते, आणि अण्णा, तुम्ही फोन असा धरता की मला तुमचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. त्यात पैशाचं, कामाचं नीट बोलता येत नाही. आई, हे तू आधी एकटी वाच, मग अण्णांना वाचून दाखव. काकांबद्दल लिहिलंय ते मात्र आजच त्यांच्या कानावर घाला.

इथं पूर्ण नर्स म्हणून मान्यता देणारं माझं प्रमाणपत्र हातात आलं हे तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या गल्लीला पेढे वाटलेत म्हणे. पण अण्णा, ‘म्हणजे आत्तापर्यंत तू नर्स नव्हतीस का?’ असं तुम्ही विचारलंत आणि तेवढ्यात कुणीतरी दारात आलं, ते राहूनच गेलं.

हे तुमच्याइतकं कुणाला कळणार नाही. कुणी दागिना आणून दिला तर त्यावर कुठल्या पेढीचा शिक्का आहे, मालक किती मोठा आहे, यावर तुम्ही कधी बोलला नाहीत. मुशीत घातला, वितळवला, टंच काढून सोनं किती शुद्ध ते बघितलं आणि मगच आकडा सांगितलात. इथं माझ्या डिग्रीचं तेच झालं. मिरजेचं चार वर्षांचं बी. एस्सी. नर्सिंग, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाची पत्रं, सगळं शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडून जर्मनमध्ये करून दिलं. ते इथल्या कचेरीनं खरं की खोटं एवढंच बघितलं नाही. कुठला विषय किती तास शिकवला, वॉर्डात कुठल्या विभागात किती तास काम केलं, हे मोजलं आणि त्यांच्याकडच्या तीन वर्षांच्या शिक्षणाशी ताडून बघितलं. मग पत्र आलं की अमुक इतकं भरतं, अमुक कमी पडतं. वृद्धांची आणि घरी पडून असलेल्या रुग्णांची शुश्रूषा आपल्याकडे फारशी शिकवतच नाहीत, तिथं कमी पडलं.

कमी पडलं की दोन वाटा. एक तर वॉर्डात काम करत कोर्स करायचा, तो लांबला तर तीन वर्षांपर्यंत जातो. नाहीतर परीक्षा द्यायची, तोंडी आणि खऱ्या रुग्णांसमोर. मी परीक्षा घेतली. तोवर कामही मदतनिसाचं आणि पगारही मदतनिसाचाच. आता ‘फ्लेगेफाखफ्राउ’, म्हणजे इथली पूर्ण नर्स, अशी पाटी छातीवर लागली, औषधं माझ्या सहीनं जातात आणि पगार पूर्ण झाला.

जर्मन भाषा बी-टू पातळीपर्यंत लागते, ती मी पुण्यात क्लास लावून शिकले होते. इथं आल्यावर पहिल्याच आजोबांनी श्वाबिश बोलीत काहीतरी विचारलं आणि मी खांबासारखी उभी. पुस्तकातलं जर्मन बोलणारी म्हातारी माणसं या भागात कमीच. आता कळतं. वॉर्डातल्या एक आजी तर म्हणतात, तू आमच्यासारखी बोलायला लागलीस, शहरात गेलीस की लोक हसतील. श्टुटगार्ट त्यांच्या लेखी शहर नव्हेच, बर्लिन शहर!

आता आत्याचं. लग्नात चारचौघांत म्हणाली ना, ‘एवढं शिकवलं आणि पोरगी तिकडं जाऊन आयागिरी करते, म्हाताऱ्यांना धुते’? आई, तू मला सांगितलं नाहीस, पण ते माझ्यापर्यंत आलं. तू चार दिवस गप्प होतीस ते त्यामुळंच, हेही कळलं. तर आत्याला सांगा, हो, धुते. तिनं खोटं काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळं चिडायचं कारण नाही. पण अर्धंच सांगितलंय.

मिरजेला आपण आजीला घेऊन राहिलो होतो ते आठव. तू खाटेखाली चटई टाकून झोपायचीस, तूच पुसायचीस, तूच भरवायचीस, दादा चिठ्ठी घेऊन मेडिकलला पळायचा. नर्स यायची ती सलाईन लावायला, इंजेक्शन द्यायला आणि लिहायला. मी स्वतः मिरजेत नोकरी करताना तशीच होते, कारण दुसरं करायला वेळच नसायचा, वॉर्ड भरलेला आणि आम्ही मोजक्या. इथं खाटेखाली कुणी नसतं. मुलगा-सून भेटायला येतात, फुलं आणतात, तासाभरानं जातात. मग अंघोळ, जेवण, कूस बदलणं हे सगळं नर्सचं काम. मदतनीस हाताखाली असतात, पण जबाबदारी नर्सची. माझा वृद्धांचा विभाग आहे. तिथं दिवसा 10 रुग्णांमागे आणि रात्री 20 रुग्णांमागे निदान एक शुश्रूषा करणारं माणूस पाहिजे, असा नियमच आहे. रात्रपाळीला 20 म्हणजे कमी नव्हेत, पण मिरजेचे आकडे मी इथं सांगितले तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही.

सकाळी सहाच्या पाळीला गेलं की कोमट पाणी आणि दोन वेगळी फडकी घ्यायची, एक तोंडाला नि अंगाला, दुसरं खाली. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडायचा, बाकी अंग झाकलेलं. धुताना टाचेकडे आणि माकडहाडाकडे बघायचं, तिथं तांबडं दिसलं की शय्याव्रण धरायला लागलाय. अर्धांग झालेल्या आजींच्या हातात फडकं द्यायचं आणि डावा हात आज कुठवर जातो ते बघायचं. घोटा सुजलाय का, चूळ भरताना ठसका लागतो का, काल बोलणारा माणूस आज गप्प का. हे सगळं पंधरा मिनिटांत कळतं. डॉक्टर राउंडला येतात तेव्हा मला विचारतात, आणि मी काय बघितलं त्यावर औषध बदलतं. आयांचं काम हलकं असतं असं मी आधीही मानत नव्हते, पण त्यात एवढं बघण्यासारखं असतं हे मला इथं शिकवलं गेलं.

मला सलतं ते वेगळंच. इथं रक्त काढणं, सलाईनची सुई टोचणं हे बरंचसं डॉक्टरकडे असतं. जुलाबानं सुकलेल्या पोराची शीर मिरजेत मी पहिल्या फटक्यात धरायचे, सिस्टर लोक दुसऱ्या वॉर्डातून बोलवायला यायचे. तो हात इथं रिकामाच आहे. धुण्याची लाज वाटली नाही कधी, पण शेजारी तरुण डॉक्टर चाचपडत शीर शोधत असतो आणि मी ट्रे धरून उभी, तेव्हा जीव वरखाली होतो.

आणि अण्णा, आत्याला हेही विचारा. तुम्ही सोळाव्या वर्षी मामाआजोबांबरोबर त्रिशूरला गेलात, तेव्हा काय करत होता? सोनारांच्या दुकानातली झाडलोट विकत घ्यायची, गटारातला गाळ आणायचा, जाळायचा, धुवायचा, आणि त्यातून गुंजभर सोनं निघालं तर निघालं. तेजाबाचा तो तांबूस धूर बंद खोलीत, आणि बोटं पिवळी पडलेली. विट्या-खानापुरातली, आटपाडीतली किती घरं त्या धुरावर उभी राहिली. पाऊस नव्हता, टेंभू योजनेचं पाणी यायला अजून किती वर्षं होती, शेतात हुलगा सुद्धा धड येत नव्हता. त्या गाळातून आलेल्या पैशात आत्याचं लग्न झालं, मांडवात कुणी विचारलं नाही की गाळ कुणाच्या गटाराचा. तुम्ही हे तिला बोलणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून आई, तू बोल.

त्रिशूरवरून आठवलं. ज्या माझ्या मैत्रिणीशी तुम्ही फोनवर मल्याळममध्ये तासभर बोललात, ती अजून तुमची चौकशी करते. म्हणते, तुझ्या वडिलांचं मल्याळम माझ्या नवऱ्यापेक्षा बरं. ती कशी आली ते मुद्दाम लिहिते, कारण काकांच्या उपयोगाचं आहे. जर्मनीची सरकारी रोजगार कचेरी आणि जीआयझेड ही तिथल्याच सरकारची परदेशांशी सहकार्य करणारी संस्था मिळून नर्सेससाठी ‘ट्रिपल विन’ नावाचा कार्यक्रम चालवतात. केरळ सरकारनं 2021 मध्ये परदेशातल्या केरळी लोकांसाठीच्या आपल्या नोर्का या संस्थेतर्फे त्यांच्याशी करार केला. भाषेचा क्लास, निवड, सगळं त्यातून झालं, तिनं एजंटला रुपया दिला नाही. आपल्या महाराष्ट्र सरकारनंही 2024 मध्ये मी राहते त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांसाठी करार केलाय.

आता काकांचा मुलगा. तो एजंट सहा लाख मागतोय आणि काका माळावरचं रान विकायला निघालेत, असं दादा म्हणाला. काकांना थांबवा. एजंट ज्याला ‘जर्मनीची नोकरी’ म्हणतोय ती मी कागद मागवून बघितली, ती नोकरी नाहीच. ते चान्सेनकार्ट आहे. जून 2024 पासून निघालं. इथं येऊन वर्षभर नोकरी शोधायची परवानगी, एवढंच. त्यासाठी आपल्या देशात घेतलेलं दोन वर्षांचं मान्यताप्राप्त शिक्षण लागतं, त्याचा आयटीआय त्यात बसेलही. पण स्वतःच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात, वर्षाला साधारण 13 हजार युरो, आणि नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला 20 तासांचंच किरकोळ काम करता येतं. जर्मन न येणाऱ्या वायरमनला इथं वर्षभरात कोण ठेवून घेणार? इथला इलेक्ट्रिशियन साडेतीन वर्षं शिकतो. त्याचाही टंच निघणार आणि कमीच भरणार, हे धरून चाला.

त्यापेक्षा त्यानं आधी बी-वनपर्यंत भाषा शिकावी आणि इथं शिकाऊ म्हणून अर्ज करावा. त्याला आउसबिल्डुंग म्हणतात. साडेतीन वर्षं जातील, पण पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळतं आणि शेवटी इथलाच कागद हातात पडतो, मग कुणी तास मोजत नाही. वय लहान आहे, बायको-पोरं नाहीत, त्याला हे जमेल. मला विचाराल तर त्याला अभ्यासाचा कंटाळा आहे हाच खरा प्रश्न आहे, पण ते काकांना लिहू नका. आणि एजंटकडेच जायचं असेल तर आधी परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी बघा. नोंदणी असलेल्या एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. सहा लाखांची पावती देतोस का, असं विचारा त्याला.

पगाराचं विचारत होता. ठरलेल्यातला साधारण तिसरा हिस्सा कर आणि विम्यांत कापला जातो, तेव्हा लोक हिशोब करतात तसे युरो गुणिले रुपये करू नका. घरभाडंही भारी आहे. तरी महिन्याला पाठवते त्यापेक्षा आता थोडं जास्त पाठवता येईल. कापलेल्यात पेन्शनचाही भाग आहे, पाच वर्षं भरली की म्हातारपणी इथली पेन्शन मिळण्याचा हक्क लागतो, मी कुठंही असले तरी. आई, तुझ्या मोतीबिंदूचं आता लांबवू नका. दोन्ही डोळ्यांचं करून घ्या, एक-एक करून.

परत कधी येणार, हे तुम्ही दोघं विचारत नाही, शेजारच्यांना विचारायला लावता. खरं सांगू, मला आत्ता सांगता येत नाही. कायम राहण्याचा परवाना कुशल माणसांना तीन वर्षांनी मागता येतो, तो मी मागणार आहे. नागरिकत्व पाच वर्षांनी मिळू शकतं, पण भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, तेव्हा ते सध्या नको. तुम्हाला कायमचं इथं आणण्याचा विचार मी करून बघितलाय. नियम थोडे सैल झालेत, पण या वयात आणि अण्णांची साखर असताना इथला आरोग्यविमा मिळणं अवघड, मिळाला तर परवडणार नाही. आणि खरं म्हणजे तुम्ही इथं राहणार नाही. रविवारी दुकानं बंद, जिन्यात आवाज करायचा नाही, आठवडा ठरवून जिना झाडायची पाळी येते आणि दारावर पाटी लटकते. आई, ती पाटी तुला आवडेल, बाकीचं नाही.

पण फिरायला या. मे-जूनमध्ये, थंडी नसते तेव्हा. 90 दिवसांपर्यंत राहता येतं. विमा 30,000 युरोंचा लागतो, तो मी इथून काढते, आणि तुमच्या खर्चाची हमी देणारं पत्र इथल्या कचेरीतून काढून पाठवते. अण्णांचा पासपोर्ट संपत आलाय, तो दिवाळीआधी नवा करून घ्या. येताना कांदा-लसूण मसाला आणा, भडंग आणा, हळद आणा. तूप, पेढे, खवा आणू नका. दुधाचं बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

पुढच्या वर्षाच्या रजा इथं आधीच लिहून द्याव्या लागतात. इथले सगळे ऑगस्टवर भांडत होते, मी दसरा मागितला तो कुणाच्या लक्षातही आला नाही. पालख्यांच्या शर्यतीला विट्यात असेन. वरची खोली रंगवून ठेवू नका, पैसे डोळ्यांना लावा.

काकांना आजच फोन करा.

तुमची लेक