बालवर्गात वहीची घाई नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शहरात पुढच्या वर्षीच्या नर्सरी-केजी प्रवेशांची धावपळ सुरू झाली आहे. कोथरूड असो वा खराडी, शाळा बघायला आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "लिहायला कधीपासून घेता?" जिथे ज्युनिअर केजीच्या वह्या भरलेल्या, ती शाळा चांगली, असा हिशेब. तो उलटा आहे.

आधी वय बघा. आपल्याकडे ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण होणारं मूल नर्सरीत बसतं. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल ज्युनिअर केजीत येतं तेव्हा, जूनमध्ये, जेमतेम साडेतीन वर्षांचं असतं. त्याच्याच शेजारी जानेवारीत जन्मलेलं जवळजवळ साडेचारचं. मनगटातली काही हाडं या वयात अजून कूर्चाच असतात. अशा हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत धरतं, खांद्यापासून हात हलवतं आणि कागद फाटेस्तोवर दाबतं. ही पकड एकदा बसली की पुढे दुसरी-तिसरीत मोडता मोडत नाही.

म्हणून आधी बोटांची कामं. कणकेच्या गोळ्या आणि वळ्या, चिमटीने जुना पेपर फाडून चिकटवणं (कात्री नंतर), दोरीवर रुमाल टाकून चिमटे लावणं. मणी ओवायला द्यायचे तर नाडीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. नाहीतर टोक पिंजतं, मणी शिरत नाही आणि मूल वैतागून उठतं. खडू अख्खा देऊ नये, दोन सेंटीमीटरचा तुकडा द्यावा. तो मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो. फळा उभा असला की मनगटही आपोआप हवं तसं मागे वळतं.

अक्षरांची सुरुवात 'अ'पासून करायचा हट्ट का, कळत नाही. त्यात वळणं किती! ग, म, न, र एवढी चार आली की 'मगर', 'नगर', 'गरम', 'मन' असे खरे शब्द वाचता येतात. त्याआधी कानाची तयारी हवी: 'कमळ'मध्ये पहिला आवाज कोणता, 'क'ने सुरू होणारं आणखी काय.

सगळ्यात मोठी फसगत आकड्यांत होते. एक ते शंभर घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "सहा चिंचोके दे" म्हणा. ते मूठभर देतं. सहा बटणं मोजून झाली की तीच लांब-लांब पसरा आणि "आता किती?" विचारा. पुष्कळ मुलं "जास्त" म्हणतात. संख्या अजून पोचलेली नाही, पाठांतर पोचलंय. त्यात मराठी आकड्यांची गंमत: 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र २ आधी, म्हणून ५२ लिहिलं जातं. 'एकोणीस'मध्ये तर वीस ऐकू येतात आणि लिहायचे १९. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. दुसरीतल्या मुलांसाठी एवढा वाद घालणारे आपण, केजीतल्या मुलाकडून शंभरपर्यंत लिहून घेतो! सिनिअर केजीला वीसपर्यंत पुरे, तेही आइस्क्रीमच्या काड्यांची दहाची जुडी रबराने बांधून, वर सुट्या काड्या ठेवून.

बाकी शिकवायचं ते हे: आपला नंबर येईपर्यंत थांबणं, शू लागली हे सांगणं, आपला डबा आपण उघडणं. (घट्ट क्लिपांचे डबे देऊ नका, निम्मी मधली सुट्टी झाकणातच जाते.)

हे काही परदेशी खूळ नव्हे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला बिया, पानं, शंखशिंपल्यांवर बालवाड्या चालवल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ वर्षं, बालवर्गापासून दुसरीपर्यंत, हा एकच टप्पा मानला आहे. म्हणजे लिहिणं-वाचणं पक्कं व्हायला दुसरीपर्यंत मुदत आहे.

तेव्हा शाळा बघायला जाल तेव्हा वह्या मागू नका. खेळण्यांचे डबे मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत का, ते बघा. मुलांची खेळायची माती वाळून कडक झालेली असेल, तर ती फक्त पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली आहे.

कळावे,
काही बालवर्ग शिक्षिका, पुणे