गरम झाल्यावर रुसणाऱ्या गाडीबद्दल

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र मिळालं. थंड असताना तुझी जुनी ब्रिटिश गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, वीसेक मिनिटं मजेत पळते आणि मग बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू, जसं काही झालंच नव्हतं. यावर उपाय म्हणून तू प्लग बदललेस, कार्बोरेटरचं किट बदललंस, पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर नवे घातलेस, पेट्रोल पंपही नवा आणलास. सगळं एकाच रविवारी! आता यातल्या कशाने फरक पडला आणि कशाने नाही, हे कसं ठरवणार? जुने भाग फेकले नसशील अशी आशा आहे. पुसून, चिठ्ठी लावून एका डब्यात ठेव. त्यांची गरज पडणार आहे.

पत्रात सगळं आहे, फक्त मला हवं होतं तेच नाही. गाडी बंद पडते ती कशी? दिव्याचं बटण दाबावं तशी एका क्षणात, की आधी आचके देते, ओढ कमी होते, रेस दिली की खोकते आणि मग थांबते? एका क्षणात गेली तर बहुतेक वेळा करंटचा दोष असतो. आचके देत गेली तर बहुतेक वेळा पेट्रोल पुरत नसतं. अपवाद असतात, पण निदान कुठला भाग आधी उघडायचा एवढं यावरून ठरतं. तुझे बाबा म्हणतात, गाडी विकली की दोन्ही दोष एकदम जातील. त्यांचं सोड.

दुसरं असं की, हा दोष गॅरेजमध्ये थंड इंजिनावर सापडणार नाही. तो असतो तेव्हाच पकडायला हवा. म्हणून निघतानाच कॉइलच्या (बॅटरीच्या करंटमधून ठिणगीचा जोर तयार करते ती) जाड वायरीत स्पार्क टेस्टर जोडून ठेव. गाडी बंद पडली की रस्त्याच्या कडेला घे आणि थंड व्हायच्या आत कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून ठिणगी बघ.

ठिणगी दणदणीत असेल तर पेट्रोलच्या मागे लाग, पण कार्बोरेटर पुन्हा उघडू नकोस. आधी टाकीचं झाकण उघड आणि कान लाव. हवा आत खेचली गेल्याचा सुस्कारा आला तर झाकणाचं भोक बुजलंय. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंप कितीही नवा असला तरी ओढू शकत नाही. उभ्या गाडीत हवा हळूहळू झिरपते, म्हणून अर्ध्या तासाने सगळं ठीक वाटतं. सुस्कारा आला नाही तर पेट्रोलची नळी कुठून जाते ते बघ. एक्झॉस्टला खेटून जात असेल तर आतलं पेट्रोल उकळून वाफ होते, आणि इंजिनावरचा पंप वाफ ढकलू शकत नाही. नळी लांब घे, मध्ये पत्र्याचा आडोसा दे. रबरी तुकडे जुने असतील तर तेही बघ. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर आतून सुटतं आणि त्याचा भुगा थेट जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात जाऊन बसतो. गरम इंजिनावर पेट्रोलची नळी मात्र सोडायची नाही. एवढी एक गोष्ट न विचारता ऐक.

ठिणगी नसेल किंवा मरतुकडी, पिवळट असेल तर माझा संशय त्या नव्या कंडेन्सरवर आहे. हो, नव्यावरच. जुना दोष तुझ्या एखाद्या बदलाने गेलाही असेल आणि याने तसाच दुसरा आणला असेल. पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सरची ही रचना चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास बसवली आणि १९७० च्या दशकापर्यंत बहुतेक पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. पॉइंट उघडले की कॉइलमधला करंट एकदम तुटायला हवा, तरच प्लगला जोरदार ठिणगी मिळते. तो वाहता करंट कंडेन्सर क्षणभर स्वतःत घेतो. कंडेन्सर कच्चा असेल तर ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवरच उडते. पॉइंट काळेनिळे पडलेले दिसतील. काही कंडेन्सर थंडपणी उत्तम चालतात आणि तापले की दगा देतात. म्हणून डब्यातला जुना काढ आणि फक्त तेवढाच बदल. पॉइंटची गॅप, टायमिंग, प्लग कशालाही हात लावू नकोस. मग तेवढंच अंतर चालवून बघ.

तरीही बंद पडली तर कॉइल. बॅलास्ट (बाहेरून जोडलेला रोधक) नसलेल्या १२ व्होल्टच्या कॉइलमध्ये प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडच्या वेढ्यांचा रोध साधारण ३ ओहम येतो. थंड असताना मोज आणि बंद पडल्या पडल्या मोज. गरम झाल्यावर मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटते आहे. आकडा बरोबर आला म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही, कारण आतलं इन्सुलेशन फुटत असेल तर ते साध्या मीटरला दिसत नाही. तिथे चांगली ठाऊक असलेली दुसरी कॉइल लावून बघणं हाच मार्ग.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालू का, असं विचारलंस. आत्ता नको. दोष सापडायच्या आधी आणखी एक नवी वस्तू घातलीस तर गोंधळ वाढेल. शिवाय १९५० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. तुझ्या गाडीत कुठलं टोक आहे ते बघितल्याशिवाय असं काही लावलंस तर ते पहिल्याच दिवशी जळेल.

आता ब्रेक. पुढचं डावं चाक ब्रेक सोडल्यावरही धरून राहतं, म्हणून तू व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणारा) मागवणार आहेस. मागवू नकोस, आधी दहा मिनिटं दे. चाक अडकलेलं असतानाच ब्लीड निपल (सिलिंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल कर. चाक सुटलं तर सिलिंडर जाम नाही, तेलाचा दाब आत अडकलाय. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाब, चाक अडकू दे. मग लोखंडी पाइप जिथे रबरी होजला जोडला आहे तो जोड सैल कर. तरीही चाक सुटलं नाही तर दोषी होज. जुनी होज बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून फुगून भोक बुजतं. तुझा जोरदार पाय तेल आत ढकलतो, ब्रेकच्या स्प्रिंगची ताकद ते परत आणायला पुरत नाही. जोड सोडल्यावर चाक सुटलं तर दोष मागे, पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरकडे. पण मग एकच चाक का अडकतं, असा प्रश्न उरेल, म्हणून माझा अंदाज होजचाच. निपल सोडूनही चाक हललं नाही तरच दोष सिलिंडरचा किंवा ड्रमला घासणाऱ्या शूजचा. शेवटी हवा काढायला विसरू नकोस.

ड्रम उघडशील तेव्हा आतली धूळ हवेने उडवायची नाही. त्या काळातल्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचे. तू हसशील, पण मी दर पत्रात हे लिहिणार.

पाने नीट बसत नाहीत म्हणालास, त्याचं कारण सोपं आहे. गाडी जुनी ब्रिटिश आहे, काही नट व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे असतील. मिलिमीटरचा पाना जोर लावून बसवलास तर नटाचे कोपरे जातील. एक जुना संच मिळतो का बघ.

एक वही कर. तारीख, काय बदललं, त्याआधी गाडी कशी होती, नंतर कशी झाली. एका ओळीत एकच बदल. पुढच्या वेळी लिहिताना चारही प्लगचे फोटो पाठव, सिलिंडरच्या क्रमाने, कुठला कुठे होता ते लिहून. काजळी आहे की पांढरे पडलेत यावरून मिश्रणाचं काही सांगता येईल. पण आधी टाकीचं झाकण, आणि गाडी बंद कशी पडते ते.

तुझी,
आई