ते दोघे कुठे उभे होते?

मा. संपादक,

१५ ऑगस्ट २०२५ रोजी ‘शोले’ला ५० वर्षं झाली. त्या निमित्तानं आलेले बरेच लेख मी आवडीनं वाचले. ठाकूर, जय-वीरू, बसंती, गब्बर, सगळ्यांवर भरभरून लिहिलं गेलं. गब्बरच्या टोळीतल्या कालियाचा उल्लेख मात्र जिथं तिथं गंमत म्हणून. मला त्या प्रसंगाचं हसू येत नाही.

प्रसंग नीट आठवून पाहा. गब्बर तिघांना धान्य आणायला रामगढला पाठवतो. तिथं जय आणि वीरू उंचावर बंदुका रोखून बसलेले, हे तिघं खाली मोकळ्यावर. माघारी फिरले नसते तर जागीच मेले असते. बरं, ते पळूनही गेले नाहीत. अड्ड्यावर परत आले आणि जे घडलं ते सरदाराला सांगितलं. सरदार विचारतो, माणसं किती होती? दोन. मग तुम्ही तिघं असून रिकाम्या हातानं आलात! ते दोघे कुठे उभे होते, हे तो विचारतच नाही. कालिया खाल्ल्या मिठाची आठवण देतो, त्याचाही उपयोग होत नाही. तीन वेळा चाप ओढून गोळी सुटत नाही, सगळा अड्डा हसतो, जीव वाचला म्हणून तेही तिघं हसतात आणि त्या हसण्यातच मारले जातात. विजू खोटे यांनी तो भेदरलेला चेहरा इतका खरा केला, की २०१९ मध्ये ते गेले तेव्हाही लोकांना आधी कालियाच आठवला. शेजारच्या दोघांना तर सरदार नावानं हाकसुद्धा मारत नाही. आणि तो सांभा, कातळावर बंदूक घेऊन बसलेला. इनाम किती, एवढं विचारलं की आकडा सांगायचा. खाली आपलेच तीन सोबती मरतात तेव्हाही तो वरच असतो.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची ११ शिफ्ट सुपरवायझर म्हणून. एका रात्रपाळीत फ्लँजचं, म्हणजे पाइपच्या जोडाचं, गॅस्केट गेलं आणि दीड ड्रम सॉल्व्हंट वाहून गेलं. ऑपरेटरनं स्वतः पंप बंद केला, स्वतः साहेबांना फोन लावला. सकाळच्या मीटिंगला साहेबांनी पहिला प्रश्न केला, ‘ड्युटीवर किती जण होते?’ तो म्हणाला, ‘तीन.’ ‘तिघं असून?’ मागून कुणीतरी ‘तेरा क्या होगा कालिया?’ हा गब्बरचा संवाद म्हटला आणि खोलीभर हशा पिकला. मीही हसलो. नव्या गॅस्केटचा इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, दोन महिने स्टोअरमध्ये पडून होता आणि त्यावर सही माझी होती. मी तोंड उघडलं नाही. त्याला मेमो मिळाला, पुढच्या आठवड्यात पॅकिंगला बदली झाली. वीस वर्षांची नोकरी होती त्याची, दोन मुलं शाळेत होती.

आजही माझा मुलगा सांगतो, त्यांच्या ऑफिसात टार्गेट हुकलं की हाच संवाद ऐकवतात. म्हणून विनंती आहे, आपल्या चित्रपटविषयक पुरवणीत एखादा लेख या माणसांवरही येऊ द्या. घोड्यांवरून पडणारे, नायकाच्या एका ठोशात आडवे होणारे, ज्यांची पडद्यावर कुणी साधी चौकशी करत नाही, त्यांच्यावर. त्या भूमिका करणारे फाइटर आणि ज्युनिअर आर्टिस्ट मुंबईतच राहतात. त्यांना विचारा, ते सांगतील.

त्या रात्रीची लॉगबुकातली नोंद मला अजून पाठ आहे. ‘३.१०. फ्लँज गळतोय. पंप बंद केला. साहेबांना कळवलं.’ त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत त्या लॉगबुकात रात्रपाळीची एकच नोंद असायची, ‘सर्व ठीक’. खाली तपासणारा म्हणून सही मी करायचो.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट सुपरवायझर, डोंबिवली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)