उत्तर पटले नाही म्हणून पुन्हा प्रश्न?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा युरोपीय करारांवरच्या सार्वमताचा अग्रलेख वाचला. शेकडो पानांचे करार सामान्य मतदाराला कळत नाहीत, ते संसदेवर सोपवावेत, असे आपण लिहिता. युरोपीय संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा लिस्बन करार स्वतःही अथपासून इतिपर्यंत वाचलेला नाही, हे आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रायन कावन यांनीच 2008 साली कबूल केले होते. मग कळण्याची अट एकट्या मतदाराला का?

मी तेव्हा नुकताच आयरिश नागरिक झालो होतो. 12 जूनला शाळेतल्या केंद्रावर मतपत्रिका हाती आली. त्यावर आयरिश भाषेत 'टॉ' आणि 'नील', म्हणजे शब्दशः 'आहे' आणि 'नाही'. परक्या देशात एकदम घरच्यासारखे वाटले. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने 'टॉ'समोर फुली मारली. करार मला हवा होता. 53.4 टक्के लोकांनी नको म्हटले. वाईट वाटले, पण विषय संपला असे समजलो.

2 ऑक्टोबर 2009 ला पुन्हा तीच शाळा, तोच करार! तटस्थता, कर, गर्भपात यांबाबत हमी दिल्या होत्या, युरोपीय आयोगावर प्रत्येक देशाचा आयुक्त कायम राहील असेही सांगितले होते; कराराच्या मजकुरात मात्र काडीचा बदल नव्हता. शेजारच्या आजी आल्याच नाहीत. "मी एकदा सांगितलंय," एवढेच म्हणाल्या. मी त्या दिवशी 'नील'समोर फुली मारली. 67 टक्क्यांनी करार मंजूर झाला. तिसऱ्यांदा कोणी विचारायला आले नाही. त्याआधीच्या नीस या युरोपीय करारावरही 2001 आणि 2002 मध्ये हेच झाले होते. फ्रान्सने 2005 साली युरोपीय राज्यघटना नाकारली, तर पुढे तिच्या जागी आलेल्या लिस्बनच्या वेळी तिथल्या लोकांना विचारलेच नाही.

माझे वडील गोव्यातल्या पेडण्याचे, गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा म्हणणारे कट्टर विलीनीकरणवादी. 16 जानेवारी 1967 च्या ओपिनियन पोलमध्ये त्यांनी विलीनीकरणाच्या चिन्हाला, फुलाला, मत दिले. जिंकली दोन पाने, म्हणजे गोवा वेगळा ठेवण्याची बाजू. ती सल त्यांना शेवटपर्यंत होती. तरी कौल परत घ्या, असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. विचारायचे असेल तर 'नाही' ऐकायची तयारी सरकारने आधी ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

जाता जाता: चौकटीतल्या नकाशात अख्खे आयर्लंड ब्रिटनच्या रंगात छापले आहे. इथल्या माणसांना ते फार लागते. कृपया दुरुस्ती छापावी.

आपला,
एक वाचक, डब्लिन