मित्रास पत्र: पश्चिमेची खिडकी आणि रंग बदलणारी काच

पुणे,
१५ फेब्रुवारी

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र, घराचा नकाशा आणि काचवाल्याचे माहितीपत्रक अशी तिन्ही मिळाली. जोते पूर्ण होऊन भिंती वर येऊ लागल्या हे वाचून आनंद झाला. एअर इंडियाच्या ड्रीमलायनर विमानात बटण दाबताच गडद होणारी खिडकी पाहिल्यापासून तशीच काच नव्या घराच्या दिवाणखान्याला बसवावी असे तुझ्या मनाने घेतले आहे, आणि कचेऱ्यांच्या काचेच्या दर्शनी भिंती उभारण्यात माझी नोकरी गेली म्हणून तू माझे मत विचारले आहेस. ते आधीच सांगून टाकतो. नागपुरातल्या तुझ्या घराला ही काच बसवू नयेस असे मला वाटते, आणि त्याचे कारण तिच्या किमतीपाशी संपत नाही.

प्रथम त्या माहितीपत्रकाविषयी लिहितो, कारण ‘स्मार्ट ग्लास’ या एका नावाखाली बाजारात अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात आणि तुला दाखवलेली वस्तू विमानातली नव्हे. ‘वीज सुरू केली की पारदर्शक, बंद केली की दुधाळ’ असे पत्रकात म्हटले आहे. याचा अर्थ ती द्रव-स्फटिकांचे सूक्ष्म थेंब असलेली फिल्म आहे. वीज नसताना त्या थेंबांतले स्फटिक वाटेल त्या दिशांना तोंडे करून असतात आणि प्रकाश विखुरतात. वीज मिळाली की ते एका दिशेने लागतात आणि काच स्वच्छ दिसू लागते. डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीला किंवा कचेरीतल्या बैठकीच्या दालनाला ती उत्तम, कारण आडोसा करणे हेच तिचे काम. परंतु विखुरलेला प्रकाश बहुतांशी पुढेच, म्हणजे खोलीतच येतो आणि आपल्यासोबत उष्णताही घेऊन येतो. मे महिन्याच्या दुपारी या फिल्ममुळे खोली उजळ पांढरी दिसेल, थंड मात्र होणार नाही. त्यातून वीज गेली की ती आपोआप दुधाळ होणार. ‘उष्णता रोखते’ हे पत्रकातले वाक्य वाचून विक्रेत्याला एकच प्रश्न विचार: दोन्ही अवस्थांमध्ये काचेचा एस.एच.जी.सी. किती? उन्हातल्या उष्णतेचा किती हिस्सा काचेतून आत येतो हे सांगणारा हा आकडा आहे, आणि तो ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून उन्हासाठी काच घेऊ नये.

तुला हवी आहे ती इलेक्ट्रोक्रोमिक, म्हणजे विजेने रंग बदलणारी काच. तिचे मूळ टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थरात आहे. त्या थराचा हा गुण उजेडात आणणाऱ्यांत सत्येन देब या शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घेतले जाते. अमेरिकेत काम करत असताना १९६९ साली त्यांनी त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. काही व्होल्टचा सौम्य दाब दिला की लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, या थरात शिरतात आणि तो निळा होतो. दाब उलटा केला की आयन बाहेर पडतात आणि निळेपणा ओसरतो. विमानाच्या खिडकीत हेच काम रंगद्रव्य मिसळलेले जेल करते. इमारतींसाठीच्या दुहेरी काचेत स्वच्छ अवस्थेत साधारण ६० टक्के प्रकाश आत येतो आणि सर्वात गडद अवस्थेत जेमतेम १ टक्का, एस.एच.जी.सी. ०.४१ वरून ०.०९ पर्यंत उतरतो. साध्या एकेरी काचेचा तोच आकडा ०.८ च्या आसपास असतो, हे लक्षात घेतलेस म्हणजे या काचेची करामत खरी आहे हे तुला पटेल. रंग बदलायला मात्र आकारानुसार पाच ते वीस मिनिटे लागतात. तापमानाने किंवा उन्हाने आपसूक रंगणाऱ्या काचाही आहेत, पण उन्हाने रंगणारी काच डिसेंबरातल्या हव्याशा उन्हातही गडद होते, म्हणून त्या मी बाजूलाच ठेवतो.

आता तुझ्या खिडकीचा हिशेब करू. नकाशात दिवाणखान्याची पश्चिमेची खिडकी पाच फूट बाय चार फूट, म्हणजे सुमारे १.९ चौरस मीटर आहे. मे महिन्यातल्या दुपारनंतर पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला सरासरी ५०० वॉट ऊन पडते असे धरले, तर साध्या काचेतून साडेसातशे वॉट उष्णता आत येते. साडेचार तासांत आलेली ही उष्णता बाहेर फेकायला बऱ्यापैकी एसीला सुमारे एक युनिट वीज लागते. युनिटला १२ रुपये आणि उन्हाळ्याचे १०० दिवस धरले, तर या खिडकीचे वर्षाचे बिल बाराशे रुपये झाले. रंग बदलणारी काच त्यातले हजार-अकराशे वाचवील. पण ०.२७ एस.एच.जी.सी.ची, कधीही रंग न बदलणारी साधी सोलर कंट्रोल, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारी, दुहेरी काचही आठशे रुपये वाचवते. म्हणजे दोघींमधला फरक वर्षाला तीनशे रुपयांचाही नाही. अमेरिकेत इलेक्ट्रोक्रोमिक काचेला चौरस फुटामागे साधारण ५० ते १०० डॉलर पडतात. तुझी खिडकी २० चौरस फुटांची आहे, तेव्हा पुढचा गुणाकार तूच कर. वहिनींच्या देखत करू नकोस एवढेच सांगतो.

पैसे बाजूला ठेवले तरी सूर्याचा मार्ग विचारात घ्यावा लागतोच. नागपूर २१ अक्षांशांवर असल्यामुळे मेच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या भिंतीला फूटभर छज्जाही पुरतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडक्यांना अशा काचेचा विचारही करू नकोस. पश्चिमेचे दुखणे निराळे आहे. मेच्या सायंकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर, खिडकीच्या अगदी समोर असतो आणि तुझी चार फूट उंचीची खिडकी सावलीत ठेवायला नऊ फुटांहून अधिक खोल छज्जा लागेल. तो काही कोणी बांधत नाही. म्हणून पश्चिमेला छज्जा निरुपयोगी आणि काच महत्त्वाची, हा तुझा तर्क अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा असा की उभा आडोसा काचेच्या बाहेर घालता येतो, आणि ऊन काचेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच अडवणे हे काचेने अडवण्यापेक्षा केव्हाही सरस. गडद झालेली काच उष्णता स्वतःत शोषून तापते. म्हणूनच ती दुहेरी करून आतल्या बाजूला उष्णता परतवणारा लेप देऊन मगच वापरावी लागते. बाहेर टांगलेली बांबूची चिक तापली तर वाऱ्यानेच निवते.

यापुढचा मुद्दा मला सर्वात मोठा वाटतो आणि माहितीपत्रकात तो कुठेच नाही. ही काच बंद इमारतींसाठी घडलेली आहे. काचेच्या कडेतून निघणारी वायर चौकटीतून न्यायची असल्यामुळे ती बहुधा न उघडणाऱ्या खिडकीतच बसते. स्लायडिंगच्या पल्ल्यात ती वायर रोज सरकत राहील आणि कधीतरी तुटेल. तुझ्या घरात मात्र मार्चपासून कूलर चालणार. वाळ्याच्या ताट्यांतून भिजून आलेली हवा आत येते तेव्हा तितकीच हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो, हे नागपुरात वाढलेल्या तुला मी काय सांगावे! पावसाळ्यात, रात्री, हिवाळ्याच्या दुपारी खिडक्या उघड्याच असतात. केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्येही नागपूरसारख्या संमिश्र हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र खोल्यांच्या क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के असावे असे सांगितले आहे. दिवाणखान्याची सर्वात मोठी खिडकी कायमची बंद करून घराला एसीच्या हवाली करायचे आणि मग विजेची बचत मोजायची, हे मला पटत नाही.

दुरुस्तीचीही बाजू आहे. ही काच कारखान्यात मापानेच तयार होते, जागेवर कापता येत नाही, आणि मुलांच्या चेंडूने तडकली तर तशीच पुन्हा घडवून आणावी लागते. तिचा नियंत्रक आणि मोबाइलवरचे ॲप हे ती कंपनी जिवंत असेपर्यंतचे सोबती. या धंद्यातली अमेरिकेतली व्ह्यू ही मोठी कंपनी २०२१ मध्ये शेअर बाजारात आली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याखाली पुनर्रचनेचा अर्ज करावा लागला. विमानतळ किंवा रुग्णालय अशा वेळी आपल्या अभियंत्यांकडून मार्ग काढते. तुझ्याकडे गल्लीतला इलेक्ट्रिशियन आहे.

या काचेच्या बाजूने खरे बोलायचे तर एक गोष्ट दुसरे काहीच देत नाही: ऊन आणि झळाळी अडवूनही बाहेरचे दृश्य तसेच राहते. चिक सोडली की तुझे ते मोकळे माळरान आणि सूर्यास्त दोन्ही गेले. एखाद्याला ते सुख लाखमोलाचे वाटले तर मी वाद घालणार नाही. पण गडद अवस्थेत सगळी खोली निळसर दिसते, आणि निळ्या उजेडात वहिनींची पुरणपोळी कशी दिसेल याचा विचार एकदा जरूर कर. विमानातही सूर्याची तबकडी त्या काचेतून दिसतच राहते, हे तू पाहिले असशील.

तेव्हा माझा सल्ला असा आहे. पश्चिमेची खिडकी उघडणारीच ठेव, तिला सोलर कंट्रोल दुहेरी काच घाल आणि बाहेरून दीड फुटावर लोखंडी चौकट बांधून चिक वर-खाली करण्याची सोय कर. चौकटीचे ब्रॅकेट लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या तुळईच्या, काँक्रीटमध्येच सोडून घेतले तर पुढे भिंत फोडावी लागत नाही, म्हणून लिंटेल भरण्यापूर्वी मिस्त्रीला सांगून ठेव. जिन्यातली उंच काच तशीही उघडणार नाही आणि तिथे चिक टांगायला जागाही नाही. हौस दांडगी असेल तर तेवढ्या एका जागी रंग बदलणाऱ्या काचेचे रीतसर दरपत्रक मागव, आणि काचेची व नियंत्रकाची हमी किती वर्षांची हे वेगवेगळे लिहून घे. तिथे ती बसवायचे ठरले नाही तरी चालेल, पण प्लास्टरच्या आधी वायरसाठी पाइप मात्र टाकून घे. त्याला फारसा खर्च येत नाही.

जिन्याच्या भिंतीचे तोंड नेमके कोणत्या दिशेला आहे ते नकाशावरून मला नीट उमगले नाही. ते कळव, म्हणजे तिथल्या उन्हाचाही हिशेब करून पाठवतो. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत