‘देवकण’ नको, नीट माहिती द्या

महोदय,

‘हिग्ज बोसॉन सापडला, पण सामान्य माणसाला त्यातून काय मिळालं?’ असं विचारणारं एका वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. मी सातपूरच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या विभागात, ३१ वर्षं काम केलं. भौतिकशास्त्र शिकलेलो नाही, पण या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे म्हणून लिहितो.

५ जुलै २०१२ ची सकाळ आठवते. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेने आदल्या दिवशी हा हिग्ज बोसॉन नावाचा सूक्ष्म कण सापडल्याची घोषणा केली होती. पहिल्या पाळीच्या चहाला टपरीवर पेपर उघडला, तर ‘देवकण सापडला’. एका सहकाऱ्याने पेपर कपाळाला लावला, घडी करून ठेवला आणि चहाबरोबर विषयही संपला. ज्या यंत्रात कण एकमेकांवर आदळवून तो शोधला, ते २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा वाहिन्यांनी जग बुडणार म्हणून घाबरवलं होतं. गावाकडून आईचा फोन आला होता. दोन्ही वेळा खरी माहिती आमच्यापर्यंत पोचलीच नाही. हे देवकण नाव खुद्द पीटर हिग्ज यांनाही पसंत नव्हतं.

१९६४ मध्ये हिग्ज आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं होतं, की सगळ्या अवकाशात एक क्षेत्र पसरलेलं आहे आणि इलेक्ट्रॉनसारख्या मूलकणांना वस्तुमान मिळतं ते त्याच्यामुळे. हिग्ज बोसॉन हा त्याच क्षेत्राचा कण, म्हणजे ते क्षेत्र खरंच असल्याचा पुरावा. इलेक्ट्रॉनला वस्तुमानच नसतं तर अणू बांधला गेला नसता. मग गोदावरीचं पाणीही नाही आणि रामकुंडाची पायरीही नाही. मात्र आपलं सगळं वजन त्यातून येतं, हेही खरं नाही. बहुतेक वस्तुमान प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आतल्या ऊर्जेचं असतं. एवढं सोप्या भाषेत कोणी सांगितलं असतं तर आम्हाला कळलं असतं.

निवृत्तीनंतर एका व्याख्यानाला गेलो होतो. पडद्यावर त्या यंत्राच्या २७ किलोमीटरच्या बोगद्याचा फोटो आला. निळे चुंबक ओळीने मांडलेले. असे १,२३२ मोठे चुंबक, प्रत्येक १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टनांचा. त्यांच्या खालचे जॅक, म्हणजे चुंबक पेलून नेमक्या जागी बसवणारे टेकू, दाखवून वक्ते म्हणाले, हे भारतातून गेले आहेत. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने आपल्याकडच्या कारखान्यांत ते बनले. एका चुंबकाखाली तीन जॅक, आणि त्यांवर तो ५० मायक्रॉनच्या नेमकेपणाने जागेवर बसवता येतो.

५० मायक्रॉन म्हणजे ०.०५ मिलिमीटर. दोनशे किलोची डाय (धातूचा साचा) लेव्हल करताना तेवढ्यासाठी मी अर्धी अर्धी पाळी घालवली आहे. मापाच्या डायलचा काटा शून्यावर येतो, बोल्ट जरा आवळला की पळतो. पुन्हा सैल करायचा, पुन्हा पहिल्यापासून. तिथे तर ३५ टन! ज्या कोणी ते जॅक घडवले, त्यांनी माझ्यासारखाच काट्यावर डोळा ठेवून दिवस काढले असणार. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिग्ज बोसॉनचा रोजच्या व्यवहारात आज काही उपयोग नाही, हे सरळ मान्य करावं. १९३२ मध्ये पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा उलट विद्युतभाराचा जोडीदार, सापडला तेव्हा त्याचाही नव्हता. माझ्या बहिणीच्या पेट स्कॅनमध्ये गाठ कुठवर पसरली आहे ते डॉक्टरांना दिसलं, ते त्याच पॉझिट्रॉनमुळे. पण मला विचाराल तर उपयोगाआधीच बरंच काही मिळालं होतं. एवढ्या मोठ्या यंत्राला आमच्यासारख्या कामगारांच्या हातांचा आधार आहे हा अभिमान, फक्त तो आम्हाला कोणी कळवला नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे. पुढचा असा शोध लागेल तेव्हा शास्त्रज्ञांच्या फोटोखाली दोन ओळी त्या यंत्राचे भाग कुणी आणि कसे घडवले यावरही छापा. आणि सातपूरच्या आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गात त्या जॅकचं एक मोठं चित्र लागणार असेल, तर फ्रेमचा खर्च मी करीन.

– एक निवृत्त टूलरूम कामगार, सातपूर, नाशिक