पहिली क्लासिक गाडी घेताना इंजिनाआधी पत्रा पाहावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुन्या मोटारी आपल्या मनाप्रमाणे नव्याने बांधून घेणाऱ्यांची जी छायाचित्रे येतात, ती पाहूनच मला हा नाद लागला. मात्र त्या छायाचित्रांशेजारी खर्चाची वही कधी छापली जात नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिली गाडी घेताना मी इंजिनाच्या आवाजावर आणि ताज्या रंगावर भाळलो. दाराखालच्या पोकळ पट्टीला साधे लोहचुंबक लावून पाहण्याची बुद्धी मला गाडी घरी आल्यावर सुचली, आणि ते चिकटेना. रंगाखाली बोटभर जाडीची पुट्टी भरलेली होती. ती खरवडली तेव्हा आतला पत्रा वाळक्या पानासारखा चुरला. इंजिन बिघडले तर ते उतरवून दुरुस्त करता येते, वेळ पडल्यास दुसरे बसवता येते. पण ज्या गाड्यांना स्वतंत्र चेसिस नसते, त्यांचा पत्रा हाच सांगाडा असतो आणि त्याला लागलेला गंज कापून नवे तुकडे जोडण्याची मजुरी अनेकदा गाडीच्या खरेदीइतकी होते. म्हणून दाराखालची पट्टी, बॅटरीखालची जागा, चाकांवरच्या कमानी आणि काचेची चौकट पाहिल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नयेत.

पहिल्या प्रयत्नाला दुर्मीळ गाडी घेण्याचा हव्यासही मला चुकीचा वाटतो. फोक्सवॅगन बीटल 2003 पर्यंत दोन कोटींहून अधिक संख्येने तयार झाली आणि तिची बॉडी खालच्या तळपत्र्यावर बोल्टने बसवलेली असल्यामुळे ती उचलून वेगळी करता येते. 1962 ते 1980 या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची संपूर्ण नवी बॉडीसुद्धा पुढे तयार होऊ लागली. मिनी 53 लाखांच्या आसपास बनल्या, त्यामुळे सुटे भाग मिळतात, पण तिच्या मागच्या सबफ्रेमचा, म्हणजे मागची चाके ज्यावर बसतात त्या चौकटीचा, गंज कुप्रसिद्ध आहे. दुर्मीळ गाडीच्या मागच्या दिव्याची एक काच फुटली तर त्या एका काचेपायी अख्खे काम महिनोन्‌महिने अडून राहू शकते.

अंदाजपत्रक करताना इंजिन आणि रंग सर्वांनाच आठवतात. दारांची रबरे, सीटचे कापड, वायरिंग आणि क्रोम यांचा मात्र विसर पडतो. गंजाचे खड्डे पडलेल्या बंपरवर जुना थर काढणे, ठोकून सरळ करणे, घासणे आणि मग तांबे, निकेल व क्रोम असे थर चढवणे एवढी कामे होतात. रंगाचेही तसेच आहे. पैसा फवाऱ्यापेक्षा आधीच्या घासकामात जातो.

अधिक ताकदीचे इंजिन बसवायचे ठरले की गिअरबॉक्स, रेडिएटर, चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि ब्रेक अशी साखळीच लागते. माझ्या मते क्रम उलटा हवा. जुन्या गाड्यांत अनेकदा चारही चाकांचे ब्रेक तेलाच्या एकाच सर्किटवर चालतात आणि एका ठिकाणी गळती झाली तरी पेडल थेट तळाला जाते. ब्रेकचे तेल दोन स्वतंत्र मार्गांनी ढकलणारा दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर दिसत नाही, त्याचे छायाचित्रही कोणी काढत नाही, पण पहिला पैसा तिथे जावा. चेसिस क्रमांक कागदपत्रांशी जुळतो का आणि इंजिन बदलण्यास नोंदणीचे नियम परवानगी देतात का, हे मात्र पैसे मोजण्यापूर्वीच पाहावे.

सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्त मिळते. त्या खोक्यांत काय नाही, हे जोडणीच्या वेळीच कळते. अशा अडचणींसाठी मी आता एकूण अंदाजाच्या किमान चौथ्या हिश्शाएवढी रक्कम बाजूला ठेवतो आणि तीही पुरेल असे गृहीत धरत नाही.

यापुढे अशा एखाद्या गाडीवर लेख छापताना तिच्या मालकाकडून, गाडीचा पत्रा उघडा पडला तेव्हाचे एक छायाचित्र आणि मूळ अंदाज व प्रत्यक्ष खर्च हे दोन आकडे मागून घ्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक